बिघडविण्याचा अधिकार

एखाद्या मनुष्यास काम करण्याची परवानगी दिली म्हणजे ते काम शिकण्याची संधीही त्यास दिली, असे आपण सामान्यतः धरून चालतो. दार उघडे ठेवले की आपले कर्तव्य संपले; आत येणे न येणे हा ज्याच्या-त्याच्या इच्छेचा प्रश्न, आणि आत आल्यावर पुढे जाणे न जाणे हा ज्याच्या-त्याच्या बुद्धीचा. ही विचारसरणी दिसावयास उदार आहे, आणि तिच्यावर विसंबून आमच्यासारख्या शिक्षकांचे आयुष्य पुष्कळ सुखात जाते. परंतु अलीकडे शाळा-महाविद्यालयांतून यंत्रमानव तयार करणारे विद्यार्थ्यांचे जे संघ निघाले आहेत, त्यांत मुलींचे स्थान काय, एवढा साधा प्रश्न विचारला की या विचारसरणीचा पाया डळमळू लागतो. "आमच्याकडे मुलींना मज्जाव नाही," असे उत्तर सर्वत्र मिळते, आणि ते खरेही असते. तथापि संघाच्या टेबलापाशी जाऊन पाहावे, तो मुलगी बहुधा वही घेऊन बसलेली आढळते आणि पक्कड मुलाच्या हातात असते. हे कसे घडते, आणि यात कोणाचा दोष असलाच तर तो कोणत्या जातीचा, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

ज्या वाचकांच्या घरात हा नवा छंद अद्याप शिरला नसेल, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. पाच-दहा विद्यार्थी एकत्र येतात. मोटर, चाके, बॅटरी, अंतर किंवा प्रकाश ओळखणारे सेन्सर आणि आज्ञा साठवून ठेवणारी एक लहानशी पट्टी एवढ्या सामग्रीतून स्वतः हिंडणारे, वस्तू उचलणारे किंवा फेकणारे यंत्र तयार करतात, आणि ते दुसऱ्यांच्या यंत्राशी स्पर्धेत उतरवितात. केंद्र सरकारने २०१६ सालापासून अटल टिंकरिंग लॅब या नावाने निवडक शाळांस अशा प्रयोगशाळांसाठी वीस लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्यास आरंभ केला, त्यामुळे हा प्रकार आता केवळ मोठ्या शहरांचा राहिलेला नाही. महाविद्यालयांच्या रोबोकॉन स्पर्धेचे नाव तर पुण्यात घरोघर ठाऊक आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये आशिया आणि पॅसिफिक भागातील देशांचा आंतरराष्ट्रीय सामना पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाला होता.

या विद्येची एक खूण अशी, की तिच्यात पहिल्या दिवशी काहीही चालत नाही. तारा उलट लागतात, एक चाक पुढे आणि दुसरे मागे फिरते, आज्ञावलीत कोठेतरी अधिकाच्या जागी उणे पडलेले असते, मोटर तापून जळते आणि खोलीभर तो उग्र वास पसरतो. विद्यार्थी जे काही शिकतो ते या फजितीतून शिकतो. पुस्तकातला विजेचा नियम पाठ असणे निराळे आणि आपल्याच हातून जळालेली मोटर डोळ्यांसमोर असताना तो नियम समजणे निराळे. तेव्हा संघात कोण शिकत आहे हे जाणून घ्यावयाचे असेल तर कोण उपस्थित आहे हे विचारून भागणार नाही. बिघाड कोणाच्या हातून होत आहे, हे विचारले पाहिजे. ज्याच्या हातून काहीच बिघडले नाही तो बहुधा काहीच शिकलेला नसतो.

आता आपल्या घरांकडे वळू. दहा वर्षांच्या मुलाने भिंतीवरचे घड्याळ खोलून त्याचे दात आणि कमानी अंगणात मांडून ठेवल्या, तर वडील रागे भरतात. पण पाहुण्यांपुढे तीच गोष्ट कौतुकाने सांगतात, आणि पोराचा ओढा इंजिनियरिंगकडे आहे असे भविष्य वर्तवून मोकळे होतात. हेच मुलीने केले तर? तिची गोष्ट पाहुण्यांस कोणी सांगत नाही. तिच्या हातून सांडलेल्या दुधाची मात्र आठवण सासरी जाईपर्यंत राहते. मुलीची जात म्हणजे काचेचे भांडे, असे आपल्याकडे म्हातारी माणसे सहज बोलून जातात. तो बोल अब्रूपुरता असला तरी त्याचा परिणाम हातांवर होतो. जिला स्वतःलाच न फुटण्याची काळजी घेण्यास शिकविले, तिने हातोडी बेफिकिरीने चालवावी अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

मध्यंतरी हिंगोलीहून वाशीमकडे जात असता कनेरगाव नाक्यावर आम्हांस काही वेळ थांबावे लागले. मराठवाडा संपून विदर्भ लागण्यापूर्वीचे हे गाव. १९४८ पर्यंत हिंगोलीकडचा मुलूख निजामाचा, आणि वाशीमकडचा वऱ्हाड इंग्रजी अमलाखालचा. निजामाच्या राज्यात जकातीच्या खात्यास करोडगिरी म्हणत. सरहद्दीवर गाडी अडवावयाची, ओझे तपासावयाचे, पैसे घ्यावयाचे आणि मग सोडावयाचे, हा तिचा क्रम. नाका हा शब्द त्या दिवशी आमच्या मनात घोळत राहिला, त्याचे कारण मात्र इतिहासाचे नव्हते. चहाच्या टपरीजवळच्या बाकावर कुठल्याशा विज्ञान-प्रदर्शनाहून परतणारी पाच मुले एक खोके मांडीवर घेऊन गाडीची वाट पाहत होती. चार मुलगे आणि एक मुलगी. चौकशी केली तेव्हा खोक्यातून एक चारचाकी गाडी बाहेर निघाली. ती वाटेतला अडथळा ओळखून आपण होऊन वळते, असे समजले. ते कसे, हे सांगण्याचे काम अर्थातच मुलीकडे आले. "समोर काही असलं की आवाज जाऊन परत येतो, काका. त्याला किती वेळ लागला त्यावरून गाडीला अंतर कळतं," असे तिने इतके स्वच्छ सांगितले, की आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गातील पुष्कळांस तसे सांगता आले नसते.

गाडी बाकावर ठेवून चालू केली, ती हलेना. मुले वाकून पाहू लागली. पिवळी तार सुटली आहे हे प्रथम मुलीने पाहिले, तिनेच ते सांगितले, आणि सांगून ती मागे सरली. तार एका मुलाने बसविली. आम्ही तिला विचारले, "तुला दिसली होती, मग तूच का नाही लावलीस?" ती म्हणाली, "हात लावला आन् काही झालं तर माझ्यावर येतं. ते पोरंच करतेत." हे ती कुरकुरीने बोलली नाही, ठरून गेलेली व्यवस्था सांगावी तसे बोलली. त्यावर ज्याने तार बसविली तो मुलगा हसून म्हणाला, "एक मोटर तर मीच जाळली होती!" आणि बाकीचेही मोठ्याने हसले. त्या जळालेल्या मोटरीने त्याचे कौतुकच वाढविले होते. मुलीची व त्यांची मैत्री उत्तम होती. तिला कोणी हिणविले नव्हते, कोणी हात लावू नकोस असे म्हटलेही नसावे. अन्याय करणारा कोणी दिसत नाही आणि अन्याय तर समोर आहे, अशा प्रसंगीच नीतिशास्त्राची खरी पंचाईत होते.

या पोरांच्या बाजूने जे सांगता येईल ते प्रथम सांगितले पाहिजे. जो ज्यात तरबेज त्याने ते करावे, असा संघाचा न्याय असतो. मुलीचे अक्षर चांगले, बोलणे चांगले. तिने तक्ते लिहावे, परीक्षकांपुढे बोलावे. मुलाचा हात बसलेला. त्याने तारा जोडाव्या. सामना आठ दिवसांवर आला असता ही वाटणी शहाणपणाची आहे यात शंका नाही, आणि कारखाना चालवावयाचा असता तर आम्हीही अशीच केली असती. परंतु शाळेतील संघ हा कारखाना नव्हे. कारखान्यात यंत्र हा माल असतो; शाळेत यंत्र हे निमित्त असून माल विद्यार्थी हाच असतो. ज्याला येते त्यालाच ते करू द्यावे हा न्याय शाळेत चालविला, तर ज्याला घरी घड्याळ खोलावयास मिळाले त्यालाच शाळेतही मोटर मिळावयाची, आणि घरच्या पक्षपातावर शाळेने गुणवत्तेचा शिक्का मारून द्यावयाचा! त्या मुलाचा हात जन्मतः बसलेला नव्हता. एक मोटर जाळून तो बसला. ती मोटर कोणाच्या खर्चाने जळली? शाळेच्याच ना?

मुलींची वाट अडविणारी माणसे एका काळी उघड बोलत, आणि त्यामुळे त्यांच्याशी भांडता तरी येत असे. १९३३ साली कमला भागवत ही मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेली तरुणी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागावयास गेली. पुढे डॉ. कमला सोहोनी या नावाने त्या प्रसिद्ध झाल्या. दुर्गाबाई भागवत यांच्या त्या भगिनी. घरात रसायनशास्त्राची परंपरा. वडील आणि चुलते याच संस्थेचे जुने विद्यार्थी. संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन. नोबेल पारितोषिक मिळविलेल्या त्या थोर शास्त्रज्ञाने स्त्रियांना आपण घेत नाही, असे सांगून अर्ज नाकारला. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही. कारण दाखवा, असा त्यांनी सत्याग्रहच आरंभिला. अखेर रामन यांनी अटींवर प्रवेश दिला. पहिले एक वर्ष त्यांना रीतसर विद्यार्थिनी मानावयाचे नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावयाचे. आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये. त्यांनी ते मान्य केले, श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली काम केले, आणि वर्षाअखेर रामन यांचे समाधान झाले. त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या, वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम-सी या द्रव्यावर काम करून १९३९ साली तेथील डॉक्टर झाल्या, आणि परत येऊन नीरेसारख्या गरिबांच्या पेयातील पोषणद्रव्यांचा त्यांनी अभ्यास केला.

ही कथा आपण मुलींना स्फूर्तीसाठी सांगतो. सांगावी; पण तिच्यातली अटींची बाजू सांगताना आपण घाई करतो असे आम्हांस वाटते. त्या वर्षात परीक्षा एकट्या कमलाबाईंची नव्हती. शेजारच्या टेबलावरील तरुणाच्या हातून प्रयोग फसला तर तो त्या तरुणाचा फसला. कमलाबाईंच्या हातून फसता तर साऱ्या स्त्रीजातीचा फसता, आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकीस तो पुरावा म्हणून दाखविला जाता. करोडगिरीच्या नाक्यावर जशी गाडी अडवून मग सोडीत, तसे हे आहे: सोडले खरे, पण मुलग्यांच्या गाडीस न पडलेली जकात वसूल करून. कमलाबाईंच्या असामान्य बुद्धीला ती जकात परवडली. आमचा प्रश्न सामान्य बुद्धीच्या मुलीचा आहे. दरवर्षी शेकडो मध्यम कुवतीचे मुलगे प्रयोगशाळेत येतात, चुका करतात, काही सुधारतात, काही सुधारत नाहीत, आणि त्यावरून पुरुषजातीच्या शास्त्रबुद्धीविषयी कोणी अनुमान काढीत नाही. मध्यम कुवतीच्या मुलीला हे सुख केव्हा लाभणार?

पुढील काळातही जकात उठली नाही, तिचा दर बदलला. सुधा मूर्ती यांनी आपल्या हुबळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील दिवसांविषयी लिहिले आहे: वर्गात एकटी मुलगी, साडी नेसून यावयाचे, उपाहारगृहात जावयाचे नाही, मुलांशी बोलावयाचे नाही, अशा अटी, आणि मुलींसाठी स्वच्छतागृहच नाही. पुढे १९७४ साली टेल्कोची जाहिरात निघाली, तीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते, त्यांनी जे. आर. डी. टाटांना पत्र टाकले, मुलाखतीस बोलावणे आले, आणि त्यांना पुण्याच्या कारखान्यात नेमणूक मिळाली. पत्राची कथा सर्वांस तोंडपाठ आहे. आम्हांस मात्र स्वच्छतागृहाची गोष्ट तिच्याहून अधिक विचार करावयास लावणारी वाटते. परवानगी कागदावर देता येते. स्वच्छतागृह विटांनी बांधावे लागते, आणि कोणी मागितल्यावाचून ते बांधावयाचे कोणास सुचत नाही. जी एकटी आहे तिने ते मागावयाचे तरी कसे?

आणि वाट उघड-उघड बंद करणारे नाके अजून जगातून गेले आहेत असेही नव्हे. २०१७ साली अफगाणिस्तानातील हेरात शहरच्या मुलींचा एक संघ वॉशिंग्टनला यंत्रमानवांच्या जागतिक स्पर्धेस निघाला. अमेरिकेने त्यांना दोनदा प्रवेशपत्र नाकारले, आणि जगभर बोभाटा झाल्यावर ते अगदी ऐनवेळी मिळाले. चार वर्षांनी, २०२१ मध्ये, त्यांच्या देशात तालिबानची सत्ता आली आणि मुलींचे सहावीपुढील शिक्षणच बंद पडले. त्यांच्या शेजारी आमच्या पक्कडीची तक्रार क्षुल्लक वाटेल. पण ज्याचे दार बंद आहे त्याचे दुःख मोठे म्हणून दार उघडे असलेल्या घरात कोणास कोठे बसविले आहे हे पाहूच नये, असे थोडेच आहे?

एक मार्ग असा सुचविण्यात येतो, की मुलींचे संघ वेगळेच काढावे. या वादास महाराष्ट्रात जुना इतिहास आहे. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली स्त्रियांचे स्वतंत्र विद्यापीठ काढले, तेव्हा स्त्रियांस वेगळा अभ्यासक्रम म्हणजे कमी प्रतीचा अभ्यासक्रम, असा आक्षेप पुष्कळ सुशिक्षितांनी घेतला होता, आणि त्यात तथ्य अगदीच नव्हते असे म्हणवत नाही. परंतु काळाची गंमत पाहा. १८९६ साली कर्व्यांनी सुरू केलेल्या अनाथ बालिकाश्रमातून जी संस्था वाढत गेली, तिनेच १९९१ साली पुण्यास कमिन्स कंपनीच्या साहाय्याने मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. केशवपनाच्या भीतीतून सोडविलेल्या बालविधवांना आसरा देणाऱ्या संस्थेत आज मुली यंत्रे जोडतात. अशा ठिकाणी मोठा लाभ हा, की पक्कड देऊन टाकावी असा मुलगाच शेजारी नसतो. मोटर जाळावयाची तर ती मुलीनेच जाळली पाहिजे, आणि जळाल्यावर हसावयाचे ते मैत्रिणींनीच. मुलीच्या जातीला मोटर जमत नाही, असे तेथे कोण म्हणणार? म्हणून वेगळ्या संघास आमचा विरोध नाही. जेथे मुली पुरेशा असतील तेथे एक-दोन वर्षे तो अवश्य चालवावा. मात्र तो कायमचा झाला तर मुलग्यांचे शिक्षण अपुरे राहील. तार कोणी पाहिली आणि कोणी लावली यातला फरक त्या चौघा पोरांच्या ध्यानात आला नव्हता. तो ध्यानात येण्यास मुलगी त्याच टेबलाशी असली पाहिजे. आणि एक असू नये. एकटी मुलगी स्त्रीजातीची वकील होऊन बसते. दोघी-तिघी असल्या म्हणजे त्यांतली एक धांदरट, एक आळशी, एक हुशार अशी साधी माणसे होतात.

आमचे एक स्नेही, गणिताचे नाणावलेले प्राध्यापक, या सर्वास मुलग्यांवरील अन्याय म्हणतात. त्यांना आम्ही भारतीय तंत्रज्ञान संस्थांचे उदाहरण देतो. तेथे २०१८ सालापासून मुलींसाठी ज्या जागा ठेवल्या, त्या मुलग्यांच्या काढून घेतल्या नाहीत. असलेल्या संख्येवर नव्या वाढविल्या. संघातही तसेच करावे. एकच पक्कड असली तर ती कोणाच्या हातात जावयाची हे ठरलेले असते, दोन घ्याव्या. जाळावयाच्या मोटरी दोन अधिक मागवाव्या. वर्षातून निदान पहिले तीन महिने, सामना दूर असताना, कामे आळीपाळीने द्यावी आणि ज्याला जे येत नाही ते त्याने करावे, असाच नियम ठेवावा. वही मुलग्यांनीही लिहावी, कारण आमच्या अनुभवास आलेल्या इंजिनियरांत लिहिता न येणाऱ्यांची संख्या काळजी वाटण्यासारखी आहे. सामना जवळ आल्यावर पाहिजे तर तरबेजांनी पुढे व्हावे. तोपर्यंत तरबेज कोण हे ठरविण्याची घाई नको.

उत्तेजनाच्या नावाखाली जे कौतुक चालते त्याचाही आम्हांस वीट येतो. मुलीने एक दिवा पेटविला की टाळ्या, फलकावर तिचे छायाचित्र, आणि पाहुण्यांपुढे बोलावयास तिला उभे करणे; मुलगी असूनही केले, हा भाव त्या टाळ्यांत लपत नाही, आणि तो सर्वांआधी मुलीला कळतो. तिच्या जोडलेल्या तारेत चूक असेल तर मुलाला सांगतो त्याच स्वरात ती सांगावी, आणि उकलून पुन्हा जोडावयास लावावी. बालेवाडीच्या त्या २०१४ च्या सामन्याचा विषय पालकत्वाचा गौरव हा होता. एका पालक-यंत्राने बाल-यंत्रास उचलून नेऊन झोपाळा, सी-सॉ, खांबांवरची चाल असे खेळ खेळावयास लावावयाचे. यंत्राचे मूल खांबावरून पडले तर पालक-यंत्र त्यास घरी बसवीत नव्हते. संघ ते उचलून पुन्हा प्रयत्न करीत. मूल मुलगा की मुलगी, हे अर्थात कोणी विचारले नाही.

सरकारने आपल्या बाजूने नाक्यावरील पैशाची जकात पुष्कळ उतरविली आहे. एस. टी.त शाळकरी मुलींना मोफत पास आहे, मागासलेल्या तालुक्यांत मानव विकासाच्या निळ्या गाड्या आहेत, आणि २०२४ सालापासून ठराविक उत्पन्नाच्या आतील पुष्कळ मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्कही माफ झाले आहे. पण गाडीला वेळ असते. खेड्यातील मुलगी पाच-साडेपाचच्या गाडीने परतते, आणि संघाचे खरे काम बहुतेक शाळांत सहा वाजता सुरू होते. तोवर वर्ग संपलेले असतात, शिक्षक मोकळे असतात आणि गावातले मुलगे सायकलीवरून परत आलेले असतात. मुलगी दुसऱ्या दिवशी येते ती कालच्या रात्री जोडलेल्या तारांचे वर्णन वहीत लिहावयास. येथे कोणाची मते बदलण्याची गरज नाही, वेळापत्रक बदलण्याची आहे. शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटल्यापासून परतीच्या गाडीपर्यंत बहुतेक ठिकाणी तास-दीड तास मिळतो, आणि प्रयोगशाळेची किल्ली त्या वेळी मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असते.